डॉक्टर म्हणाले, “आता दुसरीकडे दाखवा”



कारखान्याच्या कचेरीत आणि गट ऑफिसात येणाऱ्या चौकशा ठरलेल्या असतात. तोड कधी मिळणार, नोंद कोणत्या तारखेची धरली, बिलातून कपात किती झाली. परंतु अलीकडे एक निराळीच चौकशी आमच्या कानावर येऊ लागली आहे. एखादा सभासद आपले काम झाले तरी उठत नाही. खुर्ची जरा पुढे ओढतो आणि हलक्या आवाजात विचारतो, “साहेब, आमच्या डॉक्टरांनी आम्हाला सोडलं. असं सोडता येतं का हो? आणि सोडलं तर आता आम्ही करायचं काय?”

साखर कारखान्याच्या पत्रकात हा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसांत बी.पी.ची किंवा शुगरची गोळी न घेणारा माणूस आता शोधावा लागतो. (साखर आपणच तयार करावयाची आणि गोळीही आपणच खावयाची, असा हा योग आहे.) अशा माणसाचा डॉक्टर सुटला म्हणजे काय होते, हे ऊसवाल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. टोळी अर्धा फड तोडून रात्रीतून निघून गेली तर काय होते? तुटलेला ऊस वाळत पडतो, वजन घटते, आणि आपण मुकादमाला शोधत गावोगाव फिरतो. आपल्या फडात यावयाचे की नाही हा टोळीचा प्रश्न. पण एकदा कोयता घातला की मधेच टाकून जाणे निराळे.

‘डॉक्टरांनी सोडलं’ या शब्दांत आपली माणसे तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधतात, आणि तिथेच घोटाळा होतो. रुग्ण अत्यवस्थ असताना दारातूनच परत पाठविणे ही एक गोष्ट. ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, मोठ्या ठिकाणी न्या,’ असे सांगणे ही दुसरी. आणि ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे जात होतो त्यांनीच ‘यापुढे येऊ नका’ म्हणणे ही तिसरी. तिन्हींचे औषध एक नाही.

पहिलीबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. एका स्कूटरस्वाराला मोटारीची धडक बसली. जवळच्या रुग्णालयाने ‘पोलीस केस आमच्याकडे घेत नाहीत, वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात न्या’ म्हणून परत पाठविले, आणि तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातल्या त्या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १९८९ साली न्यायालयाने सांगितले की, डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचविण्यासाठी लागणारी मदत त्याने प्रथम केलीच पाहिजे. पोलीस, पंचनामा, कागद हे सारे नंतर.

आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालयांसाठी तर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजनाच घालून दिली आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. तातडीच्या वेळी रुग्णाला दाखल करून घेऊन स्थिर होईपर्यंत जीव वाचविणारे उपचार करावयाचे, आणि गरीब रुग्णाकडे अनामत मागावयाची नाही. तरीही २०२५ सालच्या मार्चअखेर पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा आणि त्यामुळे एका गर्भवतीला दुसरीकडे जावे लागल्याचा आरोप झाला. त्या बाई पुढे दगावल्या. केवढा गदारोळ झाला ते आपण सर्वांनी वाचले आहे. त्यानंतर त्या रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचे जाहीर केले. तेव्हा दारात अडविले तर हुज्जत न घालता स्पष्ट शब्दांत म्हणावे, “आधी तपासा आणि काय ते कागदावर लिहून द्या.” तपासण्याआधी परत पाठविणारा माणूस कागदावर सही करावयास सहसा तयार नसतो, आणि तिथेच त्याचा सूर बदलतो.

आता दुसरी गोष्ट. ती नीट कळली आम्हाला जव्हार-मोखाड्याकडे गेल्यावर.

काही सभासदांसह आम्ही त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन घाट उतरलो आणि मोखाड्यावरून जव्हारास गेलो होतो. जव्हारजवळ शिरपामाळ म्हणून माळ आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज येथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच दिला, म्हणून हे नाव पडले असे तिकडे सांगतात. जागा सुंदर. खाली दऱ्या, पावसात धुके, आणि डोंगरांच्या खोबणीत विखुरलेले पाडे. तिथे भेटलेल्या एका गृहस्थाकडे आम्ही सहज दवाखान्याची चौकशी केली. ते म्हणाले, “दवाखाना हाय ना. पण तिथं ‘पुढं न्या’ सांगतात.” पुढे म्हणजे कुठे? “नाशिकला.” जव्हारपासून नाशिक ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणि मधे घाट.

जव्हारला संस्थानी राजाच्या नावाचे पतंगशाह रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, खोडाळ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. म्हणजे इमारती आहेत. तरीही २०२५ च्या जूनमध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरच्या कुटुंबाचे जे झाले ते वृत्तपत्रांत आले होते. पहाटे कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका वेळेवर आली नाही. खोडाळ्याहून मोखाडा, मोखाड्याहून नाशिक अशी पाठवणी होत गेली. मूल मृत जन्मले. ते घरी नेण्यास रुग्णवाहिका मिळाली नाही, आणि बापाने वीस रुपयांची पिशवी घेऊन त्यात ते गुंडाळून एस.टी.ने आणले.

यात ‘तपासणार नाही’ असे कोणी म्हटले नव्हते, हे लक्षात घ्या. प्रत्येकाने पुढेच पाठविले. आवाक्यातले नसेल तर पुढे पाठविणे हे डॉक्टराचे कर्तव्यच आहे, त्याबद्दल त्याच्यावर रागावणे चूक. उलट अंगावर घेऊन ठेवणारा डॉक्टर अधिक धोक्याचा. प्रश्न एवढाच की एकाने हात सोडला आणि दुसऱ्याने धरला नाही, या दरम्यान रुग्ण कोणाचा?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. १९९२ साली बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचा एक सभासद आगगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठविले, शेवटी खाजगी ठिकाणी न्यावे लागले. त्याची संघटना त्याच्यासाठी दिल्लीपर्यंत गेली. १९९६ साली न्यायालयाने सरकारला पंचवीस हजार रुपये भरपाई देण्यास सांगितले, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही असे बजावले. पुढे म्हटले की आरोग्य केंद्रातच रुग्णाला प्रथम स्थिर करावे, कोठे खाट रिकामी आहे हे कळण्याची मध्यवर्ती सोय असावी, आणि न्यावयास उपकरणे व माणसे असलेली रुग्णवाहिका असावी. हे १९९६ चे. मोखाड्याची पिशवी २०२५ ची. मधल्या वर्षांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणून ‘पुढे न्या’ म्हटले की तीन गोष्टी मागितल्याशिवाय उठू नये. येथे काय औषध दिले, किती वाजता दिले याची चिठ्ठी. पुढच्या ठिकाणी फोन केला का, आणि तिकडे कोणी घेतो म्हणाले का. आणि नेण्याची गाडी, सरकारी रुग्णालय असेल तर १०८. दाखल करताना पुढच्या डॉक्टरला पहिली पाच मिनिटे हीच माहिती हवी असते, आणि नातेवाईक सांगतात, “लाल गोळी दिली होती.”

आता तिसरी आणि आमच्या सभासदांची खरी अडचण. तातडी नाही, दारात कोणी तडफडत नाही, पण बारा वर्षांच्या डॉक्टरांनी ‘येऊ नका’ म्हटले.

असे म्हणता येते का? येते. २००२ सालचे वैद्यकीय परिषदेचे नियम आजही लागू आहेत. (२०२३ साली नवे काढले होते, पण ते महिन्याच्या आतच स्थगित झाले.) कोणाला तपासावे हे ठरविण्यास डॉक्टर मोकळा आहे, असे हे नियम म्हणतात. पण मनमानीने नाकारता येत नाही, तातडीच्या वेळी तर नाहीच. आणि एकदा केस हाती घेतली की रुग्णाची हेळसांड करावयाची नाही, रुग्णाला व घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय अंग काढून घ्यावयाचे नाही. आपल्याकडचाच एक जुना निवाडा आहे. १९५३ साली मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्याच्या रुग्णालयात दगावला. ते प्रकरण, डॉ. लक्ष्मण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक गोडबोले, १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. केस घ्यावी की नाही हे ठरविताना, उपचार कोणता ते ठरविताना आणि तो करताना, तिन्ही वेळी डॉक्टराने काळजी घेतली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे घेण्याआधी विचार करण्याची मुभा आहे. घेतल्यावर जबाबदारी आली.

‘पुरेशी सूचना’ म्हणजे किती दिवस, याचा आकडा नियमात नाही. आमच्या मते तो अंतरावर ठरावा. नाशिक शहरात एका डॉक्टराने नाही म्हटले तर रस्ता ओलांडला की दुसरी पाटी दिसते, तिथे आठवडा पुष्कळ झाला. मोखाड्याच्या पाड्यावरच्या माणसाला दुसरा डॉक्टर गाठावयाचा तर एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत माणूस लागतो, गाडीभाडे लागते, आणि पावसाळ्यात रस्ताच नसला तर तेही नाही. त्याला आठवड्याची सूचना ही सूचनाच नव्हे. आपले कार्यक्षेत्र या दोहोंच्या मधले. तेव्हा डॉक्टरांना सरळ सांगावे की मला नवीन डॉक्टर धरावयास महिना लागेल, तोपर्यंतच्या गोळ्या लिहून द्या. एवढी विनंती बहुतेक डॉक्टर मान्य करतात, हा अनुभव आहे.

एका सभासदाची हकिगत सांगतो. नाव-गाव देत नाही, त्यांना आप्पा म्हणू. वय साठीच्या पुढे, बी.पी. आणि शुगर दोन्ही. एका रविवारी दवाखान्यात गर्दी होती, नंबर लागेना. सोबत आलेला मुलगा कंपौंडरवर घसरला, मोबाईलवर चित्रण केले आणि गावच्या ग्रुपवर टाकले. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, “आप्पा, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता तुम्ही दुसरा डॉक्टर बघा.” घरी तीन मते पडली. मुलगा म्हणाला, तक्रार ठोकू. भाऊ म्हणाला, संचालकांना घेऊन जाऊ, बघू कसा तपासत नाही. आप्पा कोणालाच काही बोलले नाहीत. त्यांनी गोळ्याच बंद केल्या. अपमान डॉक्टरांनी केला आणि राग काढला स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर! अकरा दिवसांनी सकाळी उठताना तोल गेला, तेव्हा घरातल्यांना कळले की डबी भरलेलीच आहे.

शेवटी गेल्या काकू. गावातल्या एका वडीलधाऱ्याला बरोबर घेऊन, दवाखाना बंद होण्याच्या वेळी. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पोरगं चुकलं, ते त्यानं ग्रुपवरून काढलंय. तुम्ही तपासा म्हणून गळ घालायला नाही आले. पण बारा वर्षांचे कागद तुमच्याकडे आहेत, ते द्या. महिन्याच्या गोळ्या लिहा, आणि कोणाकडे जाऊ ते तुम्हीच सांगा.” डॉक्टरांनी तिथल्या तिथे बी.पी. मोजण्यासाठी आप्पांना बोलावणे पाठविले, कागद दिले, तालुक्याच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. आप्पा आता तालुक्याला जातात. जुन्या डॉक्टरांकडे परत गेले नाहीत, आणि आमच्या मते ते बरोबरच झाले. मन उडालेल्या डॉक्टरांकडून दबावाने औषध लिहून घेण्यात काय हशील? चेअरमन आणि संचालक बरोबर नेले की डॉक्टर तपासतो, पण पुन्हा मोकळेपणाने बोलत नाही. आणि रुग्णही नाही.

काकूंनी जे मागितले ते नियमातलेच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. डॉक्टराने कागदपत्रे तीन वर्षे ठेवावयाची असतात, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावयाची असतात. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. भाषा साधी असावी. ‘आपण यापुढे तपासणार नाही असे कळले. कृपया केसपेपर, रिपोर्टच्या प्रती, चालू औषधांची यादी व पुढील डॉक्टरांसाठी चिठ्ठी द्यावी.’ त्यात टोमणा नको आणि धमकीही नको.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. बी.पी., शुगरचे इन्शुलिन, फिट्स, हृदयविकार यांची औषधे डॉक्टर सुटला म्हणून एक दिवसही थांबवू नयेत. नवीन डॉक्टर मिळेपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, यांतील साध्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. क्षयाचे औषध चालू असेल तर सरकारी केंद्रात ते पुढे सुरू ठेवता येते, त्यासाठी खाजगी डॉक्टरने केलेल्या नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा.

आता डॉक्टर का सोडतात, तेही पाहिले पाहिजे. औषध आणावयाचे आणि घ्यावयाचे नाही, पथ्य पाळावयाचे नाही, आणि आजार वाढला की डॉक्टराच्या नावाने बोटे मोडावयाची, हे आपल्याकडे चालते. एका कारखान्याला नोंद द्यावयाची आणि ऊस रात्री दुसऱ्या गाडीत भरावयाचा, तसे दोन डॉक्टरांची औषधे एकदम घेऊन एकालाही सांगावयाचे नाही, हेही चालते. दुसरा सल्ला घेणे हा आपला हक्क आहे, त्यात लपविण्यासारखे काही नाही. लपविल्याने दोन्ही औषधांची टक्कर होते.

आणि उधारी. खेड्यातल्या डॉक्टराची वही उसाच्या बिलावर चालते, हे कोण नाकारील? ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. बिल लांबले की डॉक्टराची वहीही लांबते. त्याला सांगून थांबविले तर तो थांबतो. रस्ता बदलून जाऊ लागलो की तो दुखावतो. थकबाकीसाठी ‘येऊ नका’ म्हटले असेल, तर निम्मे द्यावे आणि उरलेल्याची तारीख सांगावी. ही भांडणे बहुधा तेवढ्यावर मिटतात.

मारहाण, तोडफोड, शिवीगाळ झाली असेल तर मात्र डॉक्टराने सोडले यात आम्हाला नवल वाटत नाही. राज्यात २०१० पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि मोडलेल्या वस्तूंच्या दुप्पट भरपाई. गुन्हा अजामीनपात्र आहे. घरातल्या तरुणांना हे आधी सांगून ठेवावे, दवाखान्याच्या आवारात नव्हे.

तक्रार कधी करावी? नुसता मान दुखावला म्हणून करू नये, असे आमचे मत आहे. त्यात वर्षे जातात आणि औषध बाजूला राहते. पण तातडीच्या वेळी नाकारले, मधेच सोडल्याने रुग्णास इजा झाली, मागूनही कागद दिले नाहीत, किंवा जात, धर्म, आजार पाहून दूर केले, तर गप्प बसू नये. एच.आय.व्ही. असल्यावरून उपचार नाकारणे किंवा थांबविणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध ठरविले आहे.

एम.बी.बी.एस. व त्यावरील डॉक्टरांविरुद्ध अर्ज महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करावयाचा. गावातले बरेच डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे असतात, त्यांच्या परिषदा निराळ्या आहेत. तेव्हा पाटीवरची पदवी आधी वाचावी, नाहीतर अर्ज भलत्या कचेरीत फिरत राहतो. सरकारी रुग्णालयाबद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, आरोग्य केंद्राबद्दल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावे. धर्मादाय रुग्णालयाबद्दल धर्मादाय आयुक्तांची कचेरी आहे. पैसे देऊन घेतलेल्या उपचारासाठी १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ग्राहक न्यायालयाचे दारही उघडे आहे. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. अर्जासोबत केसपेपर, चिठ्ठ्या व बिले यांच्या झेरॉक्स जोडाव्यात. मूळ कागद घरीच ठेवावेत.